गोळीचं मूळ नाव चिठ्ठीवर हवं

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

हे पत्र खरं तर पुण्यातल्या आणि पिंपरी-चिंचवडमधल्या डॉक्टरांसाठी व औषध दुकानदारांसाठी आहे. आपल्या पानावरून त्यांच्यापर्यंत पोचेल म्हणून आपल्याकडे पाठवते आहे. मागणी दोनच गोष्टींची आहे. चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाशेजारी औषधाचं मूळ नाव, ज्याला आपण जेनेरिक नाव म्हणतो ते, कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात लिहा. आणि पट्टी कापून गोळ्या देताना नाव आणि मुदत छापलेला भाग गिऱ्हाइकाकडे जाऊ द्या. या दोन गोष्टी नसल्या की काय होतं ते मी गेल्या जूनमध्ये जर्मनीतल्या एका इस्पितळात माझ्या ताईच्या उशाशी बसून पाहिलं. जखम लहानशी होती. काळजी मात्र जखमेच्या मानाने फार मोठी झाली, आणि तिचं मूळ इथे पुण्यात होतं.

माझी ओळख दोन ओळींत सांगते, कारण तिचा विषयाशी संबंध आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये मी निवृत्तीपर्यंत लेबलिंग आणि पॅकिंग खात्यात होते. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला हा देशातला पहिला सरकारी औषध कारखाना. माझे वडीलही तिथेच होते, आम्ही कॉलनीतच वाढलो. आमच्या खात्यात एक बॅच संपून दुसरी लावायच्या आधी ‘लाइन क्लिअरन्स’ व्हायचा. म्हणजे आधीच्या बॅचचं एकही लेबल, एकही वायल, जमिनीवर पडलेला कागदाचा कपटासुद्धा तिथे उरता कामा नये. किती लेबलं आली, किती लागली, किती फाडली याचा हिशेब जुळल्याशिवाय सुपरवायझर सही करत नसत. एक लेबल कमी भरलं म्हणून जेवणाची सुट्टी सोडून सगळा पट्टा उलटापालटा केलेला मला आठवतो. आत औषध कितीही शुद्ध असो, वर नाव नसेल तर ते औषध नाहीच, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं. त्या शिकवणीच्या जोरावरच हे लिहिते आहे.

आता जर्मनीला कशाला गेलो ते. कॉलनीतली माझी शाळासोबतीण लग्न होऊन ब्रेमेनला गेली, त्याला आता खूप वर्षं झाली. (औंधच्या ब्रेमेन चौकातून जाणाऱ्यांना गावाचं नाव तरी ओळखीचं असेल. पुण्याचं या गावाशी जुनं मैत्र आहे, चौकाचं नाव त्यावरूनच.) काही वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. आता तिने तिथल्याच एका निवृत्त शिक्षकांशी लग्न करायचं ठरवलं. तेही एकटेच होते. साठी उलटल्यावर दोन माणसांनी एकमेकांची सोबत निवडली याचा मला मनापासून आनंद झाला. तिच्या नात्यातल्या काहींना नाही झाला, त्यांनी येणं टाळलं. म्हणून तिने फोन करून मला सांगितलं, “तू ये आणि ताईंना घेऊन ये. माहेरचं माणूस म्हणून माझ्या मागे त्या उभ्या राहायला हव्यात.” तिची आई लहानपणीच गेली होती. शाळेत जाताना तिच्या आणि माझ्या वेण्या माझी ताईच घालायची. ताई आता सत्तरीची आहे, तिची अँजिओप्लास्टी झालेली आहे. पण हा निरोप ऐकल्यावर तिने पासपोर्टची चौकशी सुरू केली.

तयारी आम्ही नीट केली. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो काढला. डॉक्टरांना दाखवून घेतलं. त्यांनी ताईच्या दोन गोळ्या बंद करून त्याऐवजी एक कॅप्सूल दिली, शिवाय मधल्या काळात ईसीजीत ठोके थोडे अनियमित दिसले होते असंही ताईच्या बोलण्यात आलं. प्रवासाला पुरतील एवढी औषधं भाच्याने आणली. चिठ्ठी, औषधं, विम्याचे कागद असं सगळं एका चेनच्या पाऊचमध्ये घालून ताईने ते पर्समध्ये ठेवलं. प्रवासाला निघणाऱ्याला सगळे हेच सांगतात, तेच तिने केलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिकडे एक प्रथा असते. पोल्टरआबेंड म्हणतात. पाहुणे घरातली जुनी चिनी मातीची भांडी, ताटल्या, किटल्या घेऊन येतात आणि वधूच्या दारासमोर आपटून फोडतात. काच फोडत नाहीत, ती अशुभ मानतात. मग नवरानवरीने दोघांनी मिळून तो सगळा खच झाडायचा. पुढच्या संसारात जे काही फुटेल ते असंच दोघांनी मिळून आवरायचं, अशी त्यामागची समजूत. मला ही पद्धत फार आवडली. मैत्रिणीच्या घरासमोर दगडी फरशीचं छोटं अंगण आहे, तिथे शेजारीपाजारी जमले होते. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो. ताई साडी नेसून, पायात चपला घालून पायरीपाशी उभी होती. कुणीतरी सूपचं चिनी मातीचं मोठं भांडं आपटलं, त्याचं खापर फरशीवरून उसळलं आणि ताईच्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला लागलं. चीर दोन-अडीच इंचांची असेल. एरवी घट्ट बांधून, हळद दाबून भागलं असतं. पण ताईचं रक्त थांबेना. स्वच्छ रुमाल दाबून धरला, पाय उशीवर उंच ठेवला, रुमाल भिजला, दुसरा लावला. नवरदेवांनी त्यांच्याकडच्या ११६११७ या नंबरवर फोन लावला. जीवावरचं नसेल पण दवाखाने बंद झाल्यावर डॉक्टरची गरज पडली तर तिथे हा नंबर लावतात, अगदी गंभीर असेल तर ११२. पलीकडच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, रक्त पातळ करणारं औषध घेतात का? हो म्हटल्यावर त्यांनी सरळ इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्यायला सांगितलं.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, इंग्रजी उत्तम बोलत होत्या. जखम पाहिली, दाबपट्टी बांधली आणि खुर्ची ओढून शांतपणे विचारायला लागल्या. कोणती औषधं चालू आहेत? कशाची ॲलर्जी आहे का? धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली? ताईने पाऊच पुढे केलं. तिला वाटलं आता सगळं सोपं झालं.

चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, पदव्या, दवाखान्याच्या वेळा हे सगळं निळ्या शाईत ठळक छापलेलं होतं. खाली औषधं हाताने लिहिलेली. पहिल्या ओळीत ‘कॅप’ एवढं वाचता येत होतं, पुढे एक मोठं अक्षर आणि मग नागमोडी रेघ, शेवटी एकावर गोल केलेला. दुसऱ्या, तिसऱ्या ओळीचीही तीच गत. आणि जे काही वाचता येत होतं ते ब्रँडचं नाव होतं. आपल्याकडचा ब्रँड ब्रेमेनमधल्या डॉक्टरला ठाऊक असण्याचं कारणच नाही. त्यांनी तो कॉम्प्युटरवर घालून पाहिला, काही निघालं नाही.

मग पट्टी काढली. दुकानदाराने दिवसांचा हिशेब करून पट्टी कात्रीने कापून दिली होती. मागच्या चंदेरी फॉइलवर नावाची शेवटची दोन इंग्रजी अक्षरं, पुढे ‘७५’, आणि खाली कारखान्याच्या पत्त्याचा निम्मा भाग, बद्दी, जिल्हा सोलन. बाकी सगळं, म्हणजे मूळ नाव, बॅच नंबर, मुदत, पट्टीच्या दुसऱ्या टोकाबरोबर पुण्यातल्या दुकानात राहिलं होतं. औषध हिमाचलमध्ये कुठे बनलं हे आम्हाला कळत होतं. काय बनलं ते कळत नव्हतं.

डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागल्या, कारण मी औषधांच्या कारखान्यात होते हे मैत्रिणीने त्यांना सांगितलं होतं. मी अंदाज करू शकत होते. पण अंदाज सांगायची माझी तयारी नव्हती. का, ते वाचकांनी समजून घ्यावं. आपण सगळ्यालाच सरसकट ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ म्हणतो, पण त्यात दोन वेगळी कुळं आहेत. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या बिंबिकांना, प्लेटलेट्सना, एकमेकींना चिकटू देत नाहीत. स्टेंट, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवतात ती जाळी, घातलेल्यांना बहुतेक हीच देतात. वॉर्फरिन, ॲसेनोकूमरॉल, डॅबिगॅट्रान ही औषधं रक्त गोठण्याच्या प्रक्रियेतच अडथळा आणतात. ती ठोके अनियमित असणाऱ्यांना देतात, हृदयाची झडप बदललेल्यांना यातलं वॉर्फरिन किंवा ॲसेनोकूमरॉल. रक्तस्राव किती वेळ चालेल, कोणती तपासणी करायची, रुग्णाला किती वेळ नजरेखाली ठेवायचं हे कुळ कुठलं त्यावर अवलंबून. आता ‘७५’ हा आकडा पाहा. ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅमची येते, क्लोपिडोग्रेल ७५ची येते आणि डॅबिगॅट्रानचीही ७५ची कॅप्सूल येते. त्यात ताईचे ठोके अनियमित आढळलेले, आणि औषध नुकतंच बदललेलं. म्हणजे दोन्ही शक्यता खऱ्या. जिने लेबलाचा एक कपटा हरवला तर काम थांबवलं, तिने बहिणीच्या रक्ताबाबत अंदाज कसा सांगायचा?

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. आयएनआर ही तपासणी वॉर्फरिनसारख्यांचा परिणाम दाखवते, पण ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा त्यात दिसत नाही, आणि नव्या औषधांबाबतही तिच्यावर विसंबता येत नाही. म्हणजे आकडा बरा आला तरी प्रश्न सुटत नव्हता. तिथे नऊ वाजले होते. उन्हाळ्यात पुणं त्यांच्या साडेतीन तास पुढे, म्हणजे इथे रात्रीचे साडेबारा. मी चिंचवडला भाच्याला उठवलं. घरी खोकं नव्हतं. खोकं दुकानातच राहतं, दहा पट्ट्यांचं असतं ते. बिल सापडेना. शेवटी तो स्कूटर काढून दुकानदाराकडे गेला. दुकानदार दुकानाच्या वरच राहतात. बिचाऱ्यांनी त्या अवेळी खाली येऊन शटर उघडलं, कॉम्प्युटर लावला आणि भाच्याच्या नावावरचं बिल शोधून खोक्याचा फोटो पाठवला. त्यांचे आभार मी आल्यावर घरी जाऊन मानले, इथेही मानते. तरीही सांगायला हवं की हीच माहिती त्यांच्या कात्रीच्या दुसऱ्या बाजूला होती.

फोटोत मूळ नाव स्वच्छ होतं. ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये. डॉक्टरांनी फोन हातात घेऊन पाहिला आणि एका क्षणात मान हलवली. ही नावं त्यांना पाठच होती. तिकडे ती बहुधा दोन वेगवेगळ्या गोळ्या म्हणून देतात एवढाच फरक. जागतिक आरोग्य संघटनेने १९५३ साली अशा सामायिक नावांची पहिली यादी काढली, ती नेमकी यासाठी. थोडे अपवाद आहेत. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणून मिळतं. पण एरवी क्लोपिडोग्रेल हे चिंचवडला क्लोपिडोग्रेल आणि ब्रेमेनलाही क्लोपिडोग्रेलच. जगभरच्या डॉक्टरांनी मेहनतीने मिळवलेली ही सोय, आणि आपल्या चिठ्ठीवर नेमकी तीच नसते.

पाच टाके पडले. मग धनुर्वाताच्या लशीचा विषय. तिथे प्रत्येक माणसाकडे लशींची पिवळी पुस्तिका असते, दर दहा वर्षांनी मोठ्या माणसांनाही ही लस देतात आणि त्यात नोंद करतात. आपण खरचटलं की टिटॅनसचं इंजेक्शन घेतो आणि नोंद कुठेच ठेवत नाही. ताईला शेवटचं कधी घेतलं ते आठवेना, कुणालाच आठवलं नसतं. त्यांनी लस दिली, नवी पुस्तिका दिली आणि कुपीवरचं छोटं स्टिकर सोलून तारखेसमोर चिकटवलं. त्यावर लशीचं नाव आणि बॅच नंबर. ते स्टिकर नखाने सरळ दाबणाऱ्या नर्सबाईंकडे पाहून मला आमच्या खात्यातल्या मुली आठवल्या.

दुखलं तर काय घ्यायचं, असं मी विचारलं. ताईच्या पाऊचमध्ये कॉम्बिफ्लॅम होती, ती आपल्या घराघरांत असते. तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं हे मी सांगितलं, तेव्हा डॉक्टर ताबडतोब म्हणाल्या, ती नको, नुसतं पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना वर आयबुप्रोफेन म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढवणं. इथेही तेच. आत काय आहे ते कळलं म्हणून टळलं. परतताना रात्रपाळीच्या औषध दुकानापाशी थांबलो. तिथे प्रत्येक दुकानाच्या दारावर आज रात्री कुठलं दुकान उघडं आहे ते लिहिलेलं असतं. दार बंदच असतं, घंटा वाजवली की एक छोटी खिडकी उघडते. अडीच युरो जादा घेऊन त्या गृहस्थांनी गोळ्यांचं अख्खं बंद खोकं दिलं, आत माहितीचा घडी घातलेला कागद. सुट्या गोळ्या नाहीत, कापलेली पट्टी नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं. तिकडे सरकारी कचेरीतलं लग्न हेच कायद्याने लग्न. अधिकारी बाईंनी दोघांना उभं करून विचारलं, सह्या घेतल्या, अंगठ्या घातल्या गेल्या, त्या उजव्या हातात घालतात. मैत्रीण पैठणी नेसली होती. ताई पाय स्टुलावर ठेवून तिच्या मागे बसली आणि अक्षता तिनेच टाकल्या. याहून जास्त लिहीत नाही, ते आमच्या घरचं आहे.

मला सांगायचंय ते जेवणानंतरचं. ताईच्या औषधांचा विषय निघाला तेव्हा नवरदेवांनी पाकिटातून एक घडी घातलेला कागद काढून दाखवला. जर्मनीत ऑक्टोबर २०१६ पासून ज्यांना तीन किंवा जास्त औषधं चालू आहेत अशा विमाधारक रुग्णाला असा छापील औषध तक्ता डॉक्टरांकडून मिळण्याचा हक्क आहे. देशभर एकाच नमुन्यात. आडवा कागद, वर उजवीकडे बारकोड. रकाने असे: पहिला मूळ औषधाचा. मग ब्रँड. मग किती मिलिग्रॅम, गोळी की कॅप्सूल. मग सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. मग सूचना. आणि शेवटचा रकाना, हे औषध कशासाठी. तिथे साध्या भाषेत ‘रक्तदाब’, ‘साखर’ असं लिहिलेलं. कोणीही उघडावा, कोणालाही कळावा. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. यात न जमण्यासारखं काय आहे? आपल्याकडे तर दवाखान्याच्या छापील कागदावर एवढी जागा असते.

कुणाला वाटेल ही परदेशी चोचले पाहून आली. तसं नाही. हा नियम आपल्याकडेही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेतलं १.५ हे कलम २०१६ मध्ये बदललं. औषधं जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असं त्यात सरळ म्हटलंय. २ ऑगस्ट २०२३ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने याहून कडक नियमावली काढली, तिला डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ती स्थगित झाली. जुनं कलम मात्र तसंच आहे.

डॉक्टरांच्या विरोधामागचं कारण मला समजतं, मी त्याच व्यवसायाच्या आतल्या बाजूला होते. नुसतं जेनेरिक नाव लिहिलं तर कुठल्या कंपनीचं द्यायचं ते दुकानदार ठरवणार, आणि सगळ्या कंपन्यांच्या मालाचा दर्जा सारखा नसतो, असं ते म्हणतात. ही काळजी खरी आहे. म्हणून मी ब्रँड लिहू नका असं म्हणतच नाही. ब्रँड लिहा, पण शेजारी मूळ नाव लिहा. दुकानदार तुमचाच ब्रँड देईल. रुग्णाच्या हातात मात्र असा कागद राहील जो हडपसरच्या, नागपूरच्या आणि ब्रेमेनच्याही डॉक्टरला वाचता येईल. वेळ नसतो, असंही म्हणतात. बाहेर बाकं भरलेली असतात, मी पाहते. पण परतल्यावर विमा कंपनीने दाव्यासाठी ताईची औषधं लेटरहेडवर टाइप करून मागितली, तेव्हा त्याच दवाखान्यातून मूळ नावांसह स्वच्छ टाइप केलेला कागद आम्हाला उभ्या उभ्या मिळाला. म्हणजे जमतं. विमा कंपनीसाठी जमतं तर रुग्णासाठी का जमू नये?

दुकानदारांविषयी. सुट्या गोळ्या देऊ नका असं मी म्हणणार नाही. ज्याला चारच गोळ्या परवडतात त्याला चारच मिळायला हव्यात, आणि आपल्याकडे असे खूप आहेत. पण कात्री कुठून चालवायची हे तुमच्या हातात आहे. २०१८च्या सप्टेंबरपासून मूळ नाव ब्रँडपेक्षा दोन आकारांनी मोठं छापणं कंपन्यांना बंधनकारक आहे. तीन किंवा जास्त औषधांच्या मिश्रणाला त्यात सूट आहे. इतकं मोठं नाव छापून येतं आणि नेमकं तेच कापून ड्रॉवरमध्ये राहतं. बॅच आणि मुदत पॅकिंगच्या वेळी पट्टीच्या एकाच कडेला ठोकतात, ती कड ज्याच्याकडे गेली त्याच्याकडेच मुदत. मग कडेचा भाग गिऱ्हाइकाला द्या, आणि मागे उरलेला तुकडा पुढच्याला देताना पाकिटावर नाव, ताकद आणि मुदत पेनाने लिहा. बिल प्रत्येकाच्या हातात ठेवा, न मागता. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे हे चांगलंच झालं, पण पट्टीवर जागा नसेल तर तो खोक्यावर छापायची मुभा आहे, आणि खोकं तुमच्या फडताळात असतं.

कंपन्यांनाही एक सांगते. फॉइलच्या रोलवरची छपाई अशी फिरती ठेवता येते की प्रत्येक गोळीच्या मागे नाव येतं. काही कंपन्या करतातही. त्याला वेगळं यंत्र लागत नाही, छपाईचा सिलिंडर तेवढा तसा कोरावा लागतो. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने यात लक्ष घातलं तर माझ्यासारख्या कित्येकांचे आशीर्वाद मिळतील.

ज्यांच्या घरी परदेशी जायचं कुणी आहे, आणि हल्ली आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत कुणीतरी मुलाकडे, लेकीकडे जातंच, त्यांनी या सगळ्याची वाट पाहू नये. औषध घेताक्षणी पट्टीचा आणि खोक्याचा फोटो काढून ठेवावा. डॉक्टरांसमोर बसूनच मूळ नावं लिहून घ्यावीत, शक्य तर टाइप करून, सहीशिक्क्यासह. टिटॅनसचं इंजेक्शन घेतलं की तारीख लिहावी. मूळ, कारखान्याचं खोकं दुकानदाराकडे मागावं, बहुतेक जण देतात. आणि ‘हार्टची गोळी’, ‘शुगरची गोळी’ एवढ्यावर आईवडिलांना विमानात बसवू नये.

शेवटी आपल्याला एक विनंती, संपादक महोदय. जर्मनीतल्या त्या तक्त्यावरून मी मराठीत एक कोरा तक्ता तयार केला आहे. मूळ नाव, ब्रँड, ताकद, चार वेळा, सूचना, कशासाठी, आणि खाली ॲलर्जी, रक्तगट व टिटॅनसची तारीख. सोबत जोडला आहे. मूळ नावाचा रकाना इंग्रजी कॅपिटलमध्येच भरायचा, म्हणजे कुठेही वाचता येईल. आपल्या आरोग्याच्या पानावर तो वीतभर जागेत छापला, कात्रीने कापून घडी घालून पाकिटात मावेल असा, तर लोक डॉक्टरांपुढे ठेवून भरून घेतील. रविवारच्या अंकात छापलात तर जास्त बरं, त्या दिवशी घरातली सगळी माणसं पेपर वाचतात.

आपली,
हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधील एक निवृत्त कर्मचारी
चिंचवड, पुणे